तुरीच्या दिवसांतली परीक्षा

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, झाली की आठ-दहा दिवसांत गुलबर्ग्याजवळच्या आमच्या आळंदच्या भोवतालच्या रस्त्यांवर तुरी पसरायला लागतात. कापून वाळवलेल्या पेंढ्या डांबरावर आडव्या घालायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बस, ट्रॅक्टर, जीपा त्यांच्यावरून जाऊ द्यायच्या. निम्मी मळणी चाकंच करून देतात. बसमध्ये बसलं की खालून करकर आवाज येत राहतो आणि खिडकीतून बारीक पिवळा भुसा आत येतो. तो मानेवर बसला की दिवसभर खाज सुटते.

दोन वर्षं झाली, मी परीक्षा घेत गावोगाव फिरणं सोडलंय. गुडघ्यांनी सोडायला लावलं म्हणा, किंवा मला कारण हवं होतं, ते त्यांनी दिलं म्हणा. पण काल बाजारातून येताना रस्त्याकडेला बायका तुराट्या झोडपत होत्या, वारा आमच्या बाजूचा होता आणि मानेवर ती ओळखीची खाज आली. घरी येऊन चहा टाकला तरी हात मांडीवर काहीतरी शोधत होता. मग कळलं, मी लिहायचं पॅड शोधत होते.

मी बालवाडीची बाई. आळंदमध्ये अठरा वर्षं बालवाडी चालवली. मराठी घरातली, बाजारात कन्नड बोलणारी, शेजारच्या खालाशी दखनीत भांडणारी. आमच्याकडं सगळ्यांचं असंच असतं. मोबाईल नुकते कुणाकुणाच्या हातात दिसायला लागले होते, तेव्हा लेकरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेनं मला विचारलं. म्हणाले, लेकरं सांभाळायचं काम ज्या बायकांना येतं पण ज्यांच्याकडं कागद नाही, त्यांना सरकारी दाखला मिळायची सोय झालीय. त्यांना सहा महिने शिकवतात, मग परीक्षा. ती परीक्षा घेणारी माणसं पाहिजेत. शिकवणाऱ्यानं परीक्षा घ्यायची नाही, बाहेरच्यानं घ्यायची. तुम्ही याल का?

मला ती कल्पना फार आवडली होती. हे आज मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी पहिल्यापासून तोंड वाकडं करून बसले होते. पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला आमच्या गावागावांतून माणसं जायला लागली होती. जाणाऱ्या बायकांना तिकडं धुणीभांड्यांशिवाय काही मिळत नव्हतं. हातात कागद असला तर पाळणाघरात काम मिळेल, लोक 'बाई' म्हणतील, असं मला वाटत होतं.

गुलबर्ग्याला आमचं दोन आठवड्यांचं शिक्षण झालं. आम्ही नऊ जणी आणि तीन पुरुष. बेंगळुरूहून एक मॅडम आल्या होत्या, बारीक बांध्याच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: पुरावा. मला तो शब्द फक्त कोर्टातला माहीत होता. तिसऱ्या दिवशी त्या आम्हाला शहरातल्या एका पाळणाघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, त्या आयाकडं अर्धा तास बघा आणि लिहा.

मी लिहिलं, 'आयाने बाळाला प्रेमाने जेवू घातले.' मॅडमनी 'प्रेमाने' या शब्दाखाली रेघ ओढली.

"प्रेम दिसलं तुम्हाला?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"दिसलं की, मॅडम."

"काय दिसलं, ते लिहा."

मी पुन्हा बसले. बराच वेळ सुचेना. मग आठवलं तसं लिहिलं: 'घास हातात घेऊन तो निवेपर्यंत थांबली. बाळाने तोंड फिरवले तेव्हा पुढे केला नाही. बाळाने पुन्हा बघितल्यावर भरवला.' मॅडमनी वाचलं आणि वहीच्या कडेला छोटीशी बरोबरची खूण केली. ती खूण बघून मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं होतं. अठरा वर्षं मी लेकरांत होते, पण इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. म्हणून त्या शिक्षणाला नावं ठेवायला माझी जीभ आजही रेटत नाही.

परीक्षा कायम तुरीच्या दिवसांतच यायच्या. आषाढात वर्ग सुरू व्हायचे, पौषात संपायचे. आणि पौषात रानात बाईमाणसाला दम नसतो. तूर वाळली की शेंग फुटायच्या आत घरी आली पाहिजे. बायका दिवस उजाडायच्या आधी भाकरी बांधून निघतात, कडेवर एक आणि बोटाला एक. बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधतात. मी पहाटेच्या बसनं निघायचे तेव्हा रानात ठिकठिकाणी धुरकट झालेलं असायचं आणि झाडांना झोळ्या लोंबताना दिसायच्या. अफजलपूरकडं उसाची हिरवी भिंत लागायची, हुलसूरकडं पुन्हा तूर आणि ज्वारी. मांडीवर पॅड, पॅडला लावलेला तक्ता, तक्त्यात बेचाळीस रकाने. हात धुतले का. लेकरांना नावानं हाक मारली का. गोष्ट सांगितली का. वजनाचा तक्ता भरला का. हजेरी लिहिली का. दिसलं की खूण करायची. नाही दिसलं की रकाना रिकामा.

भागव्वाला मी दुसऱ्या वर्षी बघितलं.

आळंदपासून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. गावाबाहेर संस्थेनं पत्र्याची एक खोली उभी केली होती, रानात जाणाऱ्या बायकांची लेकरं ठेवायला. तिथं दोघींची परीक्षा होती. एक कविता, विशीतली, दहावी शिकलेली, कन्नड-मराठी दोन्ही लिहिणारी. दुसरी भागव्वा. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. धनगराच्या घरची; नवरा मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं फिरायचा तो वर्षातून दोनदा घरी यायचा. खोली बांधायच्या आधी दहा-बारा वर्षं भागव्वाच बांधावरच्या एका लिंबाखाली गावातली लेकरं सांभाळत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या झोळीशेजारी कुणीतरी आपली झोळी बांधली आणि मग बांधतच गेले. आता खोलीवर पक्की बाई नेमायची होती आणि ज्या बाईकडं दाखला असेल तीच नेमायची, असं ठरलं होतं. भागव्वाला सही यायची, बाकी अक्षर यायचं नाही. 'वाचून दाखवा' असं तक्त्यात नव्हतं, त्यामुळं मला काळजी नव्हती. हजेरीचा रकाना तेवढा होता.

सकाळी कविताची पाळी झाली. तिनं सगळं नीट केलं. लेकरांना ओळीत बसवलं, गाणं म्हटलं, हात धुवायला लावले, वजनाचा तक्ता भरला. ती चुकली नाही. तिच्यात खोट काढायला मला जागा नव्हती आणि आजही नाही.

तेवढ्या वेळात भागव्वा बाहेर ओट्यावर एक लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. रेणुका नावाची दीड वर्षाची पोर. भागव्वाची पाळी आली म्हणून मी हाक मारली, तेव्हा ती उठली नाही.

"अक्का, हिकडं या जरा," ती म्हणाली. "हिचं डोळं बगा."

डोळे आत गेले होते. पहाटेपासून पोरीला जुलाब होत होते आणि आई तिला तशीच सोडून रानात गेली होती, कारण त्या दिवशी तिच्या वाट्याची तूर बांधायची होती. भागव्वानं हात धुतले. गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घातलं, आधी स्वतः चाखून बघितलं. मग चमच्यानं थेंब थेंब. पोरीनं ओकारी काढली. भागव्वानं तोंड पुसलं, थोडं थांबली, पुन्हा चमचा. पुन्हा ओकारी. पुन्हा थांबली. एका बाईला आईकडं रानात पिटाळलं. मी समोर बसून लिहीत होते. जे दिसत होतं ते सगळं लिहीत होते.

तासभर झाला. दीड तास झाला. माझ्या तक्त्यावर पाच खुणा झाल्या होत्या आणि खाली ओळीनं रिकामे रकाने. दुसऱ्या दिवशी मला अफजलपूरला हजर व्हायचं होतं. शेवटी मी म्हटलं, "भागव्वा, बाकीच्या लेकरांना एखादी गोष्ट सांगता का?"

तिनं वर बघितलं. "आता व्हय?"

"हां. मला लिहायला पाहिजे."

"कसं सांगू अक्का? हिला हालवायचं थांबलं की डोळं मिटायलीय."

मला आणखी बोलायची मुभा नव्हती. परीक्षा घेणाऱ्यानं शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, आणि मी एकदा सुचवून बसले होते. थोड्या वेळानं आई धापा टाकत आली, अंगावर तुरीचा भुसा तसाच. एक जीप मिळाली. भागव्वा आईच्या शेजारी बसली, पोर तिच्याच मांडीवर, चमचा हातात. जाताना तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिला परीक्षेची आठवण नव्हती.

पोर वाचली. दवाखान्यात दोन दिवस ठेवली होती.

मी बसमध्ये बसले. करकर आवाज चालू होता. पॅड मांडीवर, आणि पेन हातात. खरं सांगते, त्या प्रवासात मी तो तक्ता चारदा पुढं ओढला. रिकामे रकाने भरून टाकायला दोन मिनिटं लागली असती. कुणी विचारलं नसतं. भागव्वाला गोष्ट सांगता येते हे मला माहीत नव्हतं का? बारा वर्षं लिंबाखाली बसलेल्या बाईला? पण मला ते माहीत होतं, दिसलं नव्हतं. दोघांतला फरक मी एवढ्या कष्टानं शिकले होते. मी खुणा केल्या नाहीत. त्याऐवजी शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात सगळं लिहिलं, चमचा, ओकारी, चाखून बघणं, जीप. जागा संपल्यावर मागचा कागद भरला.

चार दिवसांनी आमच्या वरच्या तपासनीसांनी मला बोलावलं. वयस्क गृहस्थ, कुणाचं वाईट न करणारे. त्यांनी माझा शेरा दोनदा वाचला होता.

"बाई, तुम्ही लिहिलंय ते वाचून मलाच भरून आलं," ते म्हणाले. "पण हे मी कुठं चढवू? वर फक्त खुणा जातात. शेरा जातच नाही."

"मग सर, पुन्हा एक दिवस द्या. मी माझ्या खर्चानं जाते."

"पुढच्या बॅचला बसू दे की त्यांना. नापास म्हणत नाही आपण. 'अद्याप सक्षम नाही' म्हणतो."

पुढची बॅच म्हणजे पुढची तूर.

निकाल सांगायला मीच गेले. नियम होता की समोर बसून सांगायचं, काय राहिलं ते समजावून द्यायचं. भागव्वा ज्वारी पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं मला पाणी दिलं आणि ऐकून घेतलं.

"माझं काय चुकलं, अक्का?"

"चुकलं काही न्हाई. गोष्ट राहिली. गाणं राहिलं. वजन, हजेरी राहिली."

"लेकरू आजारी हुतं की."

"व्हय."

"तुमी हुताव की तितं. तुमी बगितलाव."

"व्हय."

"मंग?"

मी पुन्हा तेच सांगितलं, की सगळे रकाने भरावे लागतात, काही झालं तरी यादी पुरी करावी लागते. ती मान हलवत ऐकत होती. एकेक गोष्ट तिनं बोटांवर मोजून घेतली. मी तिला समजावलं, अगदी नीट समजावलं. अठरा वर्षं शिकवायची सवय होती.

कविताला दाखला मिळाला आणि तिची खोलीवर नेमणूक झाली. दोन महिन्यांनी ती पुण्याला गेली. तिकडं मोठ्या कंपन्यांजवळ पाळणाघरं निघाली होती. तिचं चुकलं असं कसं म्हणू? तिच्या वयाची असते तर मीही गेले असते. त्या वर्षी मी ज्यांना ज्यांना पास केलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी पुढची तूर यायच्या आत गावात नव्हत्या. आम्ही दाखले देत होतो ते इथल्या लेकरांना चांगल्या बाया मिळाव्यात म्हणून, आणि दाखला हातात आला की बाई बसमध्ये बसत होती. खोलीला कुलूप लागलं. भागव्वा परत लिंबाखाली बसली, आधीसारखी, आणि लेकरंही तिच्यामागं तिथं गेली.

मी संस्थेत जाऊन बोलले. ते म्हणाले, आमचेही हात बांधलेले आहेत. मॅडमना बेंगळुरूला पत्र लिहिलं. त्यांचं लांबलचक उत्तर आलं. लिहिलं होतं की तुमचं बरोबर आहे, तक्त्यात बदल सुचवला आहे, वेळ लागेल. सगळे चांगलेच लोक होते. कुणावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी भागव्वा परीक्षेला बसली आणि पास झाली. हे आधीच सांगून टाकते. तिचा मुलगा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर होता. तिथल्या इमारतीवर मजुरांच्या लेकरांसाठी खोली होती आणि दाखलेवाली बाई पाहिजे होती. तिला दाखला मिळाला, ती गेली आणि अजून तिथंच आहे. मधे एकदा तिचा फोन आला होता. पाणी चोवीस तास येतं म्हणाली, लेकरं आपल्याकडचीच हायत म्हणाली, यादगिरीची, आळंदची, उमरग्याची. बरं चाललंय म्हणाली. तिचा आवाज खुशीचा होता. भागव्वाची गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक इथं 'चला, बरं झालं' म्हणतात. मीही म्हणते.

पण त्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवसाबद्दल मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेच गाव, कुलूप काढून झाडलेली तीच खोली. बाहेर रानात कापणी चालू होती, तुरीची खुटं सगळीकडं टोकदार उभी होती. भागव्वा धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बांधून उभी होती. मला बघून नेहमीसारखी हसली नाही. तिनं सुरुवात केली. हात धुतले, माझ्याकडं बघून. लेकरांना गोल बसवलं. प्रत्येकाला नावानं हाक मारली, एक नाव घ्यायचं आणि एकदा माझ्या पेनाकडं बघायचं. माझं पेन हललं की पुढचं नाव. गाणं म्हटलं, हातवारे करून. ते कविताचं गाणं होतं, कविताचेच हातवारे. सहा महिने तिनं ते घोटून घोटून बसवलं होतं, हे ऐकतानाच कळत होतं.

गोष्ट सुरू झाली आणि दारातून एक लेकरू लंगडत आत आलं. अडीचेक वर्षांचं असेल. बाहेर खेळता खेळता पायात तुरीचं खुट गेलं होतं. रक्त फारसं नव्हतं. ते दारातच खाली बसलं, पाय दोन्ही हातांत धरला आणि भागव्वाकडं तोंड करून रडायला लागलं.

भागव्वानं एकदा त्याच्याकडं बघितलं. तिचा हात गुडघ्यावर टेकला, उठायला टेकतो तसा. मग तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या तक्त्याकडं बघितलं आणि हात उचलून परत मांडीवर ठेवला. गोष्ट पुढं चालू झाली. आवाज थोडा मोठा केला तिनं, रडण्याच्या वर जाईल इतका.

लेकराला मोठा धोका असेल तर परीक्षा थांबवायची, असा नियम होता. पायात खुट जाणं हा मोठा धोका नव्हता. मी थांबवली असती तर तिची गोष्ट अर्धी राहिली असती, तो रकाना रिकामा राहिला असता आणि भागव्वाला आणखी एक तूर वाट बघावी लागली असती. हे सगळं माझ्या डोक्यात त्या वेळी आलं की नंतर मी स्वतःला समजवायला जुळवलं, ते आता सांगता येत नाही. मी बसून राहिले. गोष्ट संपली, मी खूण केली. वजनाचा तक्ता झाला, मी खूण केली. लेकरू रडून रडून आता हुंदके द्यायला लागलं होतं, पण तोंड अजून तिच्याकडंच.

शेवटी तिनं हजेरीची वही उघडली. अक्षर न येणारी बाई कन्नडमध्ये एकेक नाव काढायला लागली. जीभ दातांत धरून, पेन्सिल दाबून. दारातल्या लेकराचंही नाव तिनं लिहिलं. मला ते उलट्या बाजूनंही वाचता आलं, इतकं मोठं आणि स्वच्छ. मग वही मिटली, पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"झालं का, अक्का?" तिनं हळूच विचारलं. "आता घिऊ का लेकराला?"